अण्णांचा आठवडा

अण्णा जाऊन दोन वर्षं होत आली होती, तरी त्या सोमवारी सकाळी सुनेत्राने त्यांना पडद्यावर डोंगर चढताना पाहिलं.

लगेच भुताखेतांकडे वळायचं कारण नाही. सुनेत्रा शिरगुप्पे ही बाई इतकी व्यवहारी, की तिला स्वप्नातही निर्यातीचे नियमच दिसतात असं तिचा नवरा श्रेणिक म्हणत असे. कोल्हापूरला लागून असलेल्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ‘शिरगुप्पे रोटर्स’ हा त्यांचा कारखाना. जिनदत्त अण्णांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, तो शेतीपंपांचे पंखे ओतण्यापासून सुरू केला आणि श्रेणिकने तो माणसाच्या काळजापर्यंत नेला. इथून परदेशी जाणारी प्रत्येक वस्तू कोणाकडे जाते आणि कशासाठी वापरली जाते, हे डोळ्यांत तेल घालून बघणं सुनेत्राचं काम. तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर मोठा पडदा होता आणि त्यावर परदेशातल्या पंपांच्या रेषा दिवसभर सरकत असत.

पंप म्हणजे हृदयाचा पंप. ज्याचं हृदय थकलं त्याच्या छातीत तो बसवतात. त्यातला रोटर, म्हणजे फिरणारा भाग, कशालाही टेकलेला नसतो. चारी बाजूंच्या चुंबकांच्या ओढीत तो अधांतरी तरंगत फिरतो. टेकत नाही म्हणून घासत नाही, आणि घासत नाही म्हणून रक्तातल्या पेशी चिरडत नाहीत. पण तरंगत्या वस्तूला तिच्या जागी धरून ठेवणं हे महाकर्मकठीण काम. रोटर केसभर इकडे सरकला की चुंबकाने त्याला तिकडे ओढायचं, तिकडे गेला की इकडे. पंपातली चिप हे सेकंदाला हजारो वेळा करते. श्रेणिकने त्या चिपला आणखी एक गोष्ट शिकवली होती. ती प्रत्येक फेरीत रोटरची थरथर ओळखून पुढच्या फेरीत तेवढीच उलटी ओढ द्यायची. त्यामुळे पंप जुना होईल तसा बिघडण्याऐवजी अधिकाधिक स्थिर होत जाई. पेशंटना हे वरदान वाटलं, आणि दिल्लीतल्या परवाना कार्यालयाची मात्र झोप उडाली.

कारण उघड होतं. युरेनियमचे हलके आणि जड अणू वेगळे करणाऱ्या यंत्रातही रोटरच असतो, फक्त आकाराने खूप मोठा आणि वेगाने भयंकर. तो जरा थरथरला तरी यंत्राच्या चिंधड्या होतात. थरथर मारायला शिकलेली चिप अशा रोटरला जोडली, तर ज्यांना बॉम्ब बनवायचा आहे त्यांची वर्षानुवर्षांची मेहनत वाचते. अशा वस्तूंना सरकारी भाषेत दुहेरी उपयोगाच्या वस्तू म्हणतात. त्यांची एक यादी असते, आणि यादीतली वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. पण ही यादी वस्तू बाहेर पडताना कशी आहे ते बघून केलेली. बाहेर गेल्यावर शिकून वेगळीच होणारी वस्तू तिच्यात कशी बसवायची, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी दिल्लीने दोन अटी घातल्या. प्रत्येक पंपाची रेषा कारखान्यात सतत दिसली पाहिजे, म्हणजे तो माणसाच्याच छातीत आहे याची खात्री राहील; रेषा तुटली की चिपचं शिकणंही थांबायचं. आणि प्रत्येक परवान्याला एक कुलूप हवं. संशय आला की कारखान्याने आणि दिल्लीने आपापली किल्ली एकदमच फिरवायची, आणि त्या परवान्यावर गेलेल्या सगळ्या चिपांनी शिकलेलं सगळं क्षणात विसरून जायचं.

तर त्या सोमवारी सकाळी सुनेत्रा एका परदेशी इस्पितळाच्या पाच रेषांची गेल्या दोन-तीन दिवसांची नोंद बघत होती. एका रेषेतला माणूस सकाळी चढ चढत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा चढत होता. दुपारी जेवणानंतर रक्ताची मागणी वाढते, तशी ती वाढली. मग दिवसभर काही नाही. संध्याकाळी जेवण नाही, रात्री नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढ आणि दुपारचं एकच जेवण. तिने आणखी मागचे दिवस काढून पाहिले. तेही तसेच.

हा आठवडा तिला पाठ होता, कारखान्यात सगळ्यांनाच पाठ होता. पंप तपासायला संगणकाने बनवलेले हृदयाचे ठोके वापरायचे असं श्रेणिकचं म्हणणं होतं, तेव्हा अण्णा भडकले होते. खोट्या काळजावर खरा पंप तपासायचा नाही, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या छातीला यंत्र लावून आठवडाभर नोंद करून दिली. तो आठवडा नेमका पर्युषणाचा. अण्णांचं एकाशन, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण, आणि रोज सकाळी बाहुबलीचा डोंगर. चाचणी विभागातल्या मुलांनी साध्या दिवसांची नोंद पुन्हा करा म्हटलं, तर म्हणाले, उपाशी माणसाचं काळीजही चालवता आलं पाहिजे तुमच्या पंपाला. तेव्हापासून ‘अण्णांचा आठवडा’ पास केल्याशिवाय एकही पंप शिरोलीतून बाहेर पडत नसे. अण्णा गेले, पण त्यांचं काळीज रोज चाचणीच्या टेबलावर डोंगर चढत राहिलं.

आणि आता ते हजारो मैलांवरच्या एका इस्पितळात चढत होतं. पाचांपैकी तीन रेषा तशाच होत्या, फक्त एकमेकींच्या मागेपुढे सरकवलेल्या.

तिने श्रेणिकला बोलावून घेतलं. तो हात पुसत आला, रेषा बघितल्या आणि खुर्ची ओढून बसला.

“हे छातीतले पंप नाहीत,” तो म्हणाला. “टेबलावर आहेत. एका बाजूने अण्णांचे ठोके देऊन चिपला फसवलंय, म्हणजे आपल्याला पेशंट दिसावा. आणि दुसऱ्या बाजूने ती भलत्याच कशाला तरी जोडली आहे. हे बघ. माणसाच्या छातीतली चिप थोड्या दिवसांत शिकायची थांबते, तिला शिकण्यासारखं उरतच नाही. ही अजून शिकतेय. रोज नवीन शिकतेय.”

“अजून किती शिकायचं राहिलंय?”

“फार नाही. आज-उद्यात संपेल असं वाटतंय. मग त्यांना आपलं नेटवर्कही नको आणि आपणही नको.”

“अण्णांची नोंद त्यांच्याकडे कशी गेली?”

उत्तर दोघांनाही माहीत होतं. ती नोंद चाचणी विभागाबाहेर कधी गेली नव्हती, आणि चाचणी विभाग पूर्वी सुदर्शनकडे होता.

सुदर्शन मगदूम म्हणजे सुनेत्राचा धाकटा भाऊ, लहानपणापासून तिच्या सासरीच वाढलेला. श्रेणिकच्या हाताखाली शिकला, चाचणी विभाग सांभाळला आणि मग जग बघायचं म्हणून त्या परदेशी इस्पितळात यंत्रं सांभाळायच्या नोकरीवर गेला. तिथे त्याला साधा ताप आला आणि तापाने त्याचं हृदयच खाल्लं. त्याला वाचवायला पंप हवा होता, आणि त्या इस्पितळाला तेव्हा परवाना नव्हता. सुनेत्राने दिल्लीशी भांडून, स्वतः जामीन राहिल्यासारखी हमी देऊन तो मिळवला. इस्पितळाने एकाऐवजी पाच पंप मागितले तेव्हा तिने फारशी खळखळ केली नाही. भावाचा जीव टांगणीला लागला होता. अशा वेळी कोणती बहीण बाकीचे चार पंप कशाला म्हणून विचारत बसते? पण ते विचारणं हाच तर तिचा पेशा होता.

त्या पाचांतला एक सुदर्शनच्या छातीत होता. आणखी एक कोणा म्हाताऱ्या बाईच्या. ती रोज सकाळी थोडं चालून यायची एवढंच सुनेत्राला रेषेवरून कळे. उरलेले तीन अण्णांच्या नावाने खोटं बोलत होते.

“विकला गेला,” सुनेत्रा म्हणाली. “माझ्याच घरातला माणूस विकला गेला. ज्यांच्या मांडीवर वाढला त्यांचं काळीज नेऊन त्यांना दिलं.”

“थांब जरा. त्याचं ऐकून तरी घे.”

“काय ऐकून घेऊ? नियम साफ आहे. संशय आला की दिल्लीला कळवायचं.”

“कळवलंस की कुलूप पडणार, आणि ते कुलूप मी केलंय,” श्रेणिकचा आवाज चढला. “ते परवान्यावर पडतं, माणूस बघून पडत नाही. पाचही चिपा एकदम कोऱ्या होतील. पंप बंद पडणार नाही, पण एकाच ठरावीक वेगाने फिरत राहील. सुदर्शन उठला, चालला, त्याला ताप आला, तरी वेग तोच. अचानक असं झालं की शरीर गांगरतं. पहिले काही तास फार वाईट. त्यात चक्कर येऊन पडला तर उठेलच असं नाही, सुनेत्रा. हे करताना मी मनात म्हणालो होतो, की हे वापरायची वेळ आपल्यावर येणार नाही.”

“मग फक्त त्या तिघांना बंद कर.”

“एकेकट्याला बंद करायची सोय दिल्लीने ठेवू दिली नाही. आणि असती तरी एक बंद पडताच त्यांनी दुसऱ्या दोन चिपा काढून घेतल्या असत्या.”

खाली कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली, डबे उघडल्याचे आवाज यायला लागले. श्रेणिकला सुदर्शन सख्ख्या भावासारखा होता, आणि तो काय सुचवणार हे सुनेत्राला तो बोलण्याआधीच कळलं होतं. कानाडोळा कर, दोन दिवस थांब, त्याला कसंही करून परत आणू. दोन दिवसांत त्या चिपा शिकून मोकळ्या झाल्या असत्या. पुढे कधीतरी कुठल्यातरी शहरावर काय कोसळलं असतं याचा विचार करायची तिची छाती नव्हती.

“मी त्याच्याशी बोलते,” ती म्हणाली. “नुसतं बघते त्याच्याकडे. यातलं काही बोलणार नाही.”

नियमाप्रमाणे तेही चूक होतं. पण तिने फोन लावला.

सुदर्शन पडद्यावर आला. जरा वाळला होता, दाढी वाढली होती. त्याच्यामागे खिडकीपाशी एक माणूस खुर्चीत बसला होता आणि तो काही वाचत नव्हता, काही करत नव्हता. पूर्वी परक्या माणसासमोर मराठीत बिनघोर बोलता यायचं. आता भाषांतर करणारं यंत्र कोणाच्याही खिशात असतं आणि त्याला कोल्हापुरीसुद्धा कळते. सुनेत्राने चेहरा साधा ठेवला.

“काय करालाईस?” तिने विचारलं.

“बसलोय की. तू जेवलीस काय, अक्का?”

“जेवायचंय अजून.”

“दाजी बरे हायत?”

“बरे आहेत.”

मग अगदी सहज, गावाकडची चौकशी करावी तसं त्याने विचारलं, “आणि अण्णा कसे हायत?”

अण्णांच्या तिरडीला खांदा द्यायला सुदर्शन स्वतः आला होता. पंप बसायच्या आधीची ती गोष्ट. राख सावडताना तो लहान मुलासारखा रडला होता.

“बरे आहेत,” ती सावकाश म्हणाली.

“पर्युषण करालेत म्हणं अजून.”

“हो. करालेत.”

“लई दिवस झाले की गं. त्या वयात एकाशनावर माणूस किती काढणार? तू सांग त्यांना. म्हणावं, आता पारणं करा. दुसऱ्या कुणाचं ऐकायचे नाहीत ते, तुझंच ऐकतात.”

खिडकीपाशी बसलेल्या माणसाने खिशातलं यंत्र काढून पाहिलं आणि परत ठेवलं. म्हाताऱ्या नातेवाइकाचा उपास. त्यात त्याला खटकण्यासारखं काय असणार? आणि सुनेत्राला सकाळपासूनचं सगळं उलगडलं. कारखान्यात संगणकाने बनवलेले ठोके ढिगाने पडून होते. त्यातले कुठलेही तीन सुदर्शनने वापरले असते, तर ती जन्मात ओळखू शकली नसती. त्याचा स्वतःचा पंप ज्यांच्या हातात होता त्यांनी त्याच्याकडून काम करून घेतलं, आणि नाही म्हणायची सोय नसलेल्या त्या कामात त्याने अण्णांना घातलं. शिरोलीत एका बाईच्या समोर ती रेषा येईल आणि ती बाई ओळखेल, एवढ्या एका भरवशावर. आणि आता पारणं करा म्हणजे किल्ली फिरव, असं तो तिला सांगत होता. त्याला विकला गेला म्हटल्याची तिला इतकी लाज वाटली की क्षणभर पडद्याकडे बघवेना.

“पारणं केल्यावर घरातल्या बाकीच्यांचं कसं व्हायचं?” तिने विचारलं.

“बघतील की ज्याचं तो.”

“तुला झेपंल काय रे?”

तो हसला. लहानपणी विहिरीत उडी टाकायच्या आधी हसायचा तसंच.

“मला काय विचारतीस, अक्का? मी आज दिवसभर आडवाच पडून राहणार हाय. शेजारची आजीबाई हाय, तिलाही म्हटलंय आज फिरायला जाऊ नको. तू लवकर कर म्हणजे झालं. ठेवू काय?”

“ठेव,” ती म्हणाली. पण तिनेच बराच वेळ ठेवला नाही, शेवटी त्यानेच बंद केला.

दिल्लीतल्या परवाना कार्यालयात त्या विभागाच्या प्रमुख निवेदिता मेश्राम होत्या. मूळच्या नागपूरच्या, कामात इतक्या कडक की त्यांचा फोन आला की कारखानदार उभे राहून बोलतात अशी त्यांची ख्याती. सुनेत्राने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

“तुमची खात्री आहे?” शेवटी त्यांनी विचारलं.

“ते ठोके माझ्या सासऱ्यांचे आहेत, मॅडम. ते हयात नाहीत.”

“पाच पंपांपैकी दोन माणसांत आहेत म्हणता. कंपनी त्यांच्यासाठी विनंती करू शकते. विनंती आली की मला वैद्यकीय समिती बसवावी लागेल, आणि समितीचं होईपर्यंत कुलूप थांबेल. करायची आहे का विनंती?”

श्रेणिक दारात उभा होता. त्याने तिच्याकडे बघितलं आणि मग मान खाली घातली. हो म्हणणं किती सोपं होतं. कायद्यानेच दिलेली सोय होती, कोणी तिला नावं ठेवली नसती. समिती बसली असती, चिपा शिकून मोकळ्या झाल्या असत्या आणि भाऊ वाचला असता.

“नाही,” ती म्हणाली. “विनंती नाही.”

“त्या दोघांपैकी कोणी तुमच्या ओळखीचं आहे का? मला नोंदवावं लागतं.”

“एक माझा धाकटा भाऊ आहे.”



“सुनेत्राताई,” मेश्राम म्हणाल्या, आणि त्यांनी तिला ताई म्हणायची ही पहिलीच वेळ, “किल्ली तुम्हीच फिरवायला पाहिजे असं नाही न. तुमच्या मिस्टरांनी फिरवली तरी चालते.”

“मीच फिरवते. त्याने मलाच सांगितलंय.”

दोघींनी एकदम किल्ली फिरवली. आवाज झाला नाही, दिवा लागला नाही. पडद्यावरच्या पाच रेषा डोंगर चढत होत्या, श्वास घेत होत्या, आडव्या पडून होत्या. त्या सगळ्या एकदम सपाट, सरळ झाल्या. थोड्याच वेळात त्यातल्या तीन नाहीशा झाल्या. कोणीतरी टेबलावरचे पंप उचकटून काढले होते, पण उशीर झाला होता. हातात आल्या त्या कोऱ्या चिपा.

दोन रेषा उरल्या. मेश्रामांनी आपल्या वकिलातीला कळवलं होतं, पण माणूस त्या इस्पितळापर्यंत पोचायला वेळ लागणार होता. सुदर्शनचा फोन बंद होता.

आणि मग सुनेत्राच्या लक्षात आलं, की समोरची रेषा आता काहीच सांगत नाही. आजवर तिला त्याचं सगळं कळायचं. तो जिना चढला, झोपला, कोणावर रागावला, तरी रेषा हलायची. आता पंप ठरलेल्या वेगाने फिरत होता, आणि आत जिवंत माणूस असो की नसो, तो तसाच फिरत राहणार होता. श्रेणिकने दुसरा एक आकडा मोठा करून समोर लावला.

“बॅटरी,” तो म्हणाला. “कमरेला बांधलेली असते. ती आपोआप भरत नाही, हातानेच बदलावी लागते. इस्पितळातलं कोणी आता त्या दोघांकडे फिरकणार नाही. बदलली तर त्यानेच बदलली असेल.”

आकडा कमी होत होता. आजीबाईंची बॅटरी दुपार कलताना बदलली गेली, आणि श्रेणिकने सुस्कारा सोडला. सुदर्शनची बदलली नाही. खाली पाळी सुटली. कामगार घरी जायच्या आधी एकेक करून वर आले आणि काही न विचारता भिंतीला टेकून उभे राहिले. त्यातल्या बहुतेकांना सुदर्शनने काम शिकवलं होतं. आकडा पिवळा झाला, मग लाल. सुनेत्राला श्रेणिकने चहा आणून दिला, तो तिच्या हातात तसाच गार झाला. आपण काय केलं हे तिला पूर्ण माहीत होतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करू हेही तिला माहीत होतं, आणि त्याने तिला जराही बरं वाटत नव्हतं.

लाल आकडा अगदी तळाला टेकला आणि पडद्यावरून गेला. क्षणभर तिथे काहीच नव्हतं. कोणीतरी मागे हुंदका दिला.

मग तिथे भरलेल्या बॅटरीचा हिरवा आकडा उमटला.

मेलेल्या माणसाची बॅटरी कोणी बदलत नाही. सुनेत्रा उठून पडद्याजवळ गेली आणि त्या आकड्यावर हात ठेवून उभी राहिली. तिथून ती बराच वेळ हलली नाही, आणि तिला कोणी हलवलंही नाही.